पावसाळ्यात सायकलने ऑफिस: मुंबईत चार महिने सायकल चालू कशी ठेवायची

जून आला की सोसायटीच्या जिन्याखाली सायकली जमा व्हायला लागतात. कुणी जुनी चादर टाकतं, कुणी प्लॅस्टिक, आणि मग दिवाळीच्या साफसफाईला बाहेर काढली की चेन गंजून लाल, टायर बसलेले, ब्रेकच्या वायरी जाम. चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा झाला हो, एवढा खंड पडला की सवयच मोडते आणि परत सुरू करायला जानेवारी उजाडतो. मी भांडुपहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) सायकलने जातो, एलबीएस रोडने, आणि पावसातही जातो, म्हणून जे रोज करतो ते सगळं इथे लिहितोय. लोकांना भिजण्याची भीती सगळ्यात जास्त असते, पण भिजणं सोपं आहे, टॉवेल आणि कोरडे कपडे असले की विषय संपला. खरा त्रास तुंबलेल्या पाण्याचा, निसरड्या रस्त्याचा आणि घरी येऊन ओलीच उभी करून ठेवलेल्या सायकलचा.

सगळ्यात आधी मडगार्ड. नवीन गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा ते नसतंच, आणि सीटखाली लावायचं छोटं शेपटीसारखं जे मिळतं ते लावून फारसा फायदा होत नाही. चाकाला वरून अर्ध्याहून जास्त झाकेल असं पूर्ण लांबीचं मडगार्ड घ्या, पुढे आणि मागे दोन्हीकडे. पुढचं लोक टाळतात पण पुढचंच जास्त महत्त्वाचं, कारण पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तुमच्या बुटांवर आणि चेनवर येतो. आकाशातून पडणारं पाणी स्वच्छ असतं, रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्यात डिझेल, गटार आणि सिमेंटची माती असते. मडगार्ड लावलं की कपडे अर्धे वाचतात आणि चेनचं आयुष्य वाढतं. दुसरं काही घेणार नसाल तरी हे घ्याच.

टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा. टायरच्या बाजूला किती ते किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं छापलेलं असतं, समजा ४० ते ६५ असेल आणि एरवी तुम्ही ६० ठेवत असाल तर पावसात ५० पुरे, रबर रस्त्याला जास्त टेकतं आणि पकड येते. फार कमी करू नका, खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते. आणि पावसात पंक्चर जास्त होतात, हे मनाशी धरून चला. ओल्या रबरात काच, तार सहज घुसते, शिवाय पाण्याबरोबर सगळा कचरा वाहत रस्त्याच्या कडेला येतो, म्हणजे बरोब्बर जिथून आपण सायकल चालवतो तिथे. ओल्या ट्यूबला पॅच नीट चिकटत नाही, म्हणून एक नवीन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप बॅगेत ठेवाच. ट्यूब बदलताना घाई न करता टायरच्या आतून बोटं हळूहळू पूर्ण गोल फिरवा. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार असते, केसाएवढी, बाहेरून दिसतच नाही, फक्त आत बोटाला टोचते. ती काढली नाही तर नवीन ट्यूब पुढच्या सिग्नलपर्यंत पण टिकणार नाही. वाल्व बारीक, प्रेस्टा टाइपचा असेल तर पितळी अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवून ठेवा, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बहुधा बाइकच्या वाल्वचीच नळी असते.

ब्रेक. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पावसात पहिलं अर्ध-एक चक्कर फक्त पाणी पुसण्यात जातं, पकड नंतर येते. म्हणून सिग्नल लांबून दिसला की आधीच हलका ब्रेक धरून रिम कोरडी करून घ्यायची, मग थांबायच्या वेळी तो लागतो. रबरी पॅडमध्ये वाळू आणि रिमच्या अल्युमिनियमचे चमकणारे कण रुतून बसतात, ब्रेक मारल्यावर खर्रर्र आवाज आला की समजा तेच. चाक काढा, सेफ्टी पिनने एकेक कण उकरून काढा, पॅडवर बारीक पॉलिश पेपर फिरवा, बास. हे केलं नाही तर रिम झिजते आणि रिमचा खर्च पॅडच्या कितीतरी पट आहे. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब उडाला तर ब्रेक गेलाच म्हणून समजा, तेव्हा तिकडे फडकं धरा.

आता रस्ता. यावर थोडं सविस्तर लिहितो कारण पावसात पडणारे बहुतेक जण रस्ता वाचता न आल्यामुळे पडतात. पहिला मोठा पाऊस सगळ्यात निसरडा, कारण आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल वर येतं, त्या दिवशी नवख्याने सायकल काढूच नये, एक-दोन चांगल्या सरींनी रस्ता धुऊन निघू दे. बस स्टॉपसमोर डिझेलचे इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात, तिथे ना वळायचं ना ब्रेक मारायचा, सरळ जायचं. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा, गटाराची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, फ्लायओव्हरच्या जोडांवरच्या पट्ट्या, या सगळ्यांवरून जाताना हँडल सरळ आणि पेडल शांत. एलबीएसवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून प्लेटांची सवयच करून घ्यावी लागली. सिमेंटच्या रस्त्याला दोन पट्ट्यांच्या मध्ये लांबच लांब फट असते, कधी कधी एक बाजू खचून इंचभर पायरीच होते. तिला समांतर जाऊ नका, पातळ टायर त्यात अडकतो आणि हँडल हातातून सुटतं. ओलांडायची असेल तर शक्य तितकं आडवं वळून ओलांडा. पेव्हर ब्लॉकचंही तसंच, त्यावर शेवाळ धरतं आणि एखादा ब्लॉक खाली गेलेला असतो. पाणी भरलेलं डबकं दिसलं की तो खड्डाच आहे असं धरायचं, किती खोल ते वरून कळत नाही.

अगदी कडेला चिकटून चालवू नका. गटाराच्या जाळ्या, काचा, चिखल सगळं तिथेच, आणि मागच्याला वाटतं की जागा आहे घुसायला. फुटपाथपासून साधारण एक मीटर सोडून, सरळ रेषेत चालवा. रिक्षावाला पॅसेंजर दिसला की न सांगता डावीकडे येणारच, त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी राहू नका. थांबलेल्या बेस्टच्या बसच्या डावीकडून तर चुकूनही नाही, छत्री उघडत उतरणारा माणूस तुम्हाला बघत नसतो.

रूट आधी रविवारी सकाळी फिरून बघा. मॅप्स कारचा रस्ता दाखवतो, आणि सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, जेजे फ्लायओव्हर यांवर सायकलला बंदी आहे. पावसात मी मोठ्या फ्लायओव्हरवर तसाही चढत नाही, वर आडवा वारा लागतो आणि बाजूने बस गेली की सायकल हलते. पावसाळ्यात वारा साधारण नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, म्हणजे उपनगरातून दक्षिणेकडे ऑफिसला जाणाऱ्यांना सकाळी तो तोंडावर आणि परतताना पाठीवर. तेवढी दहा-पंधरा मिनिटं आधी निघा.

निघायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे भरती. साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच देते, ती फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी तुंबणं ठरलेलंच. आमच्या बाजूला कुर्ल्यात शीतल टॉकीजजवळ पाणी भरतं, आणि बीकेसी तर मिठी नदीच्या काठावरच आहे. दुसरं, हवामान खात्याच्या साइटवर मुंबईच्या रडारचं चित्र. ऑफिसमधून निघताना ते बघायचं, दोन सरींच्या मध्ये गॅप दिसला की निघायचं, अर्धा तास थांबून कोरडं घरी पोचता येतं. रेड अलर्ट असेल त्या दिवशी सायकल घरीच.

आणि तुंबलेलं पाणी. माझा एकच नियम आहे, फुटपाथची कड दिसत नसेल तर त्या पाण्यात जायचं नाही. सायकलवरून नाही आणि ढकलत पण नाही. पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला, आपल्याच शहरात, एल्फिन्स्टनजवळ, रोज हजारो लोक चालतात त्या रस्त्यावर. घरी लवकर पोचणं एवढं मोठं नाही हो. वळा, लांबच्या रस्त्याने जा, नाहीतर सायकल ऑफिसमध्ये लावून लोकलने जा, वॉचमन काकांशी आधीच ओळख करून ठेवली की पोडियमखाली एक रात्र सायकल राहायला काही हरकत नसते. पश्चिम उपनगरांतल्या लोकांना आणखी एक सोय आहे, मेट्रो २अ आणि ७ मध्ये सायकल घेऊन जाता येते. इतकं करूनही साचलेल्या पाण्यात पाय भिजलेच तर साबणाने धुवा, आणि पायाला जखम, ओरखडा असेल तर ताप यायची वाट बघू नका, चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते तेच ठरवतील.

कपड्यांचं सोपं आहे. मुंबईच्या पावसात थंडी नसते, रेनकोट घालून पेडल मारलं की बाहेरून पाणी आणि आतून घाम, शेवटी भिजायचं ते भिजताच. त्यापेक्षा पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट, हाफ पँट आणि मागे पट्टा असलेल्या फ्लोटर घाला आणि मस्त भिजत जा. जीन्स नको, कॉटन नको. पोंचो तर अजिबात नको, वारा भरला की फुगतो आणि टोक चाकात जायची भीती. चष्मा असेल तर हेल्मेटच्या आत पुढे चोच असलेली पातळ टोपी घाला, डोळ्यांत पाणी येत नाही. ऑफिसचे बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवा, एक टॉवेल आणि जादा बनियन-चड्डी पण तिथेच. बॅग पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरला लावा, आत लॅपटॉप रोल करून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत. बॅगेचं रेन कव्हर भरवशाचं नाही, पाणी पाठीच्या बाजूने आत जातं.

लाइट दिवसासुद्धा चालू ठेवायची, मागे लाल लुकलुकणारी, पुढे पांढरी. घेताना खोक्यावर आयपीएक्स, म्हणजे पाणी किती सहन करते त्याचा आकडा, किती ते बघा, ४ म्हणजे शिंतोडे सहन करते, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. मुंबईसाठी ४ काठावर पास, जास्त असेल तर उत्तम.

आता चेन, आणि इथे कंटाळा करू नका. आपल्याकडे पाऊस आणि खारी हवा दोन्ही आहे, संध्याकाळी ओली ठेवलेली चेन सकाळी तांबूस झालेली असते. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी पाच मिनिटं सायकलला द्यायची. मगभर साध्या पाण्याने चिखल काढा, जोराचा पाइप मारू नका, चाकाच्या मधल्या बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. मग जुना बनियन घ्या, चेन त्याच्या घडीत धरा आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवत राहा. काळा पट्टा उमटतो, घडी बदला, परत फिरवा, पट्टा राखाडी झाला की थांबा. चेन कोरडी झाली की वेट ल्यूब, म्हणजे पावसासाठीचं जाड तेल, सायकलच्या दुकानात किंवा डेकॅथलॉनमध्ये मिळतं. चेनच्या खालच्या बाजूला, आतून, प्रत्येक रोलरवर एक थेंब. घाईने फवारायचं नाही. पेडल दहा-बारा वेळा फिरवा, दहा मिनिटं मुरू द्या, आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. लोक इथेच थांबतात, पुसतच नाहीत. तेल आत रोलरमध्ये हवं, बाहेर राहिलेल्या तेलाला फक्त वाळू चिकटते आणि ती दाते खाते. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, एका पावसात धुऊन जातं, गाडीचं ऑइल सगळी धूळ ओढतं, आणि डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला चांगला, पण चेनचं तेल म्हणून वापरू नका. पुसणं रोज, तेल जोराच्या पावसानंतर किंवा चेन किरकिरायला लागली की.

पंधरा दिवसांतून एकदा सीटची दांडी पूर्ण बाहेर काढा आणि सायकल उलटी करा. फ्रेममधून पाणी निघतं, कधी कधी चांगलं वाटीभर. दांडीला ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर ती आत जाम होते आणि मग निघता निघत नाही.

ऑक्टोबर हीट सुरू झाली की मेकॅनिककडे एक पूर्ण सर्व्हिसिंग: दोन्ही चाकांचं, हँडलचं आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगचं ग्रीस, ब्रेक-गिअरच्या वायरी आणि ब्रेक पॅड. चेन स्वतः मोजा, बारा पूर्ण कड्या म्हणजे बरोब्बर बारा इंच. स्टीलच्या पट्टीवर एक पिन शून्यावर धरा, बारावी कडी संपते ती पिन बाराच्या रेघेपुढे एक सोळांश इंच सरकलेली दिसली की चेन बदला. तेव्हाच बदलली तर मागचे दाते वाचतात.