रॉयल फॉन्टच्या नादात या चुका टाळा

'फॉन्ट रॉयल पाहिजे' म्हणणारं गिऱ्हाईक हमखास बोदोनीवर बोट ठेवतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्मात जांबात्तिस्ता बोदोनीनं घडवलेली ही अक्षरं आहेतच तशी. उभी रेघ जाड, आडवी केसासारखी, टोकाच्या छोट्या रेघा, म्हणजे सेरिफ, सपाट आणि बारीक. सगळा रुबाब या फरकात, आणि सगळा घोळही त्यातच.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलवाला कापडी पिशवीवर छापायला रेडी फाईल घेऊन आला. पोरानं घरी बसून केलेली. कोपऱ्यात बारक्या मापात, बोदोनीच्या इंग्रजी कॅपिटलमध्ये 'हँडलूम'. म्हटलं, ही बारीक रेघ स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापताना, धरणार नाही. 'मोबाईलवर बघा की ओ, एकदम क्लिअर आहे.' बरं, छापलं. एचची मधली दांडी गेली, दोन खांब उरले. एनच्या दोन्ही उभ्या रेघा गेल्या, कारण त्या अक्षरात नेमक्या त्याच बारीक असतात. राहिली फक्त तिरकी. दोन्ही ओ वर-खाली उघडे. वर पोरगं म्हणतं, शाई कमी पडली. शाई वाढवून जाड भाग फुगतो, गेलेली रेघ येत नाही.

बोदोनीनं प्रत्येक मापाचे ठसे वेगळे कापले होते. आपण मथळ्याचा फॉन्ट लहान करून सात पॉइंटला बसवतो. फुकट मिळणाऱ्या बोदोनी मोडामध्ये मापाप्रमाणे रेघ बदलायची सोय आहे, ती वापरा. मी तर कापडावर लहान अक्षराला बोदोनी घेतच नाही. जॉर्जिया घेतो. मॅथ्यू कार्टरनं तो कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनसाठी केला, त्यामुळे त्याच्या बारीक रेघाही दणकट आहेत. आणि काहीही असो, आधी खऱ्या मापात कागदावर प्रिंट काढतो. झूम करून फाईल पास करणाऱ्यांशी वाद घालत बसत नाही.

दुसरी खोड कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची. नाव जागेत बसेना की बाजूनं धरून ओढायचं. आडवं ताणलं की उभ्या रेघा आणखी जाड होतात, आडव्या आहे तेवढ्याच राहतात. दाबलं की उभ्याच रोडावतात. मग बोदोनी घेतला कशाला? माप कमी करा, नाहीतर ओळ तोडा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर नसतो.

मराठीत असा रुबाब हवा तर रोझा वन चांगला, पण वधूवरांच्या नावापुरता. अख्खी पत्रिका त्यात लावू नका. मजकुराला तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात आपल्या मराठी वळणाचे ल आणि श येतात.

इंग्रजी कॅपिटलसारखी मराठी अक्षरं सुटी करू नका, शिरोरेषा तुटते.

बोल्ड नसलेल्या फॉन्टवर बोल्डचं बटण दाबू नका.

सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या स्टॉलच्या फ्लेक्सला बोदोनी नकोच, रस्त्यापलीकडून फक्त उभे दांडे दिसतात. 'रात्रीत करून द्या' म्हणून येणाऱ्याला मी सरळ साधा जाड फॉन्ट लावून देतो.