पानफुटीच्या पानात ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचा माग कसा काढायचा

मी देवगडच्या बाजूला बारावीला जीवशास्त्र शिकवते. क्रेब्ज चक्र (पेशीत अन्नापासून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांचं चक्र) आलं की मुलं विचारतात, ‘बाई, ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट चक्राच्या सुरुवातीलाही आहे आणि शेवटीही, मग ते दिसतं कुठे?’ खरं म्हणजे हा चार कार्बनचा रेणू पेशीत साठतच नाही. मॅलेट डिहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) मॅलेट आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट यांची अदलाबदल करतं, पण या अभिक्रियेचा सगळा ओढा मॅलेटकडे. मॅलेटकडून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटकडे जाणं म्हणजे प्रमाणित स्थितीत मोलमागे सुमारे ३० किलोज्यूलचा चढ. तरीही आपल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात) ती त्याच दिशेने चालते, कारण तयार झालेला रेणू सायट्रेट सिंथेज तिथल्या तिथे उचलतं आणि अ‍ॅसिटिल कोएन्झाइम-एशी जोडून सायट्रेट करतं. चार कार्बन अधिक दोन, सहा.

हाच रेणू पानफुटीत दुसऱ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवरचा त्याचा माग घरी मोजता येतो. पानफुटीची पर्णरंध्रं रात्री उघडतात. आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं आणि पीईपी कार्बोक्झिलेज हे विकर ते तीन कार्बनच्या पीईपीला (फॉस्फोइनॉलपायरुवेट) जोडतं. त्यातून चार कार्बनचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तयार होतं. इथे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या पेशीद्रवात, ते ओढून घ्यायला सायट्रेट सिंथेज नाही, म्हणून त्याचं लगेच मॅलेट होतं आणि रात्रभर रिक्तिकेत (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत) मॅलिक आम्ल भरत राहतं. म्हणजे पहाटेचा आंबटपणा मोजला की रात्रभरात किती ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तयार झालं याचा अंदाज येतो. हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हेन यांनी पानफुटीची पानं चाखून पाहिली होती. ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, ही त्यांची नोंद १८१५ साली छापून आली. तुम्ही मात्र पान चावू नका. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.

प्रयोग थंडीत करा, डिसेंबर-जानेवारीत. रात्र गार आणि दिवस लख्ख उन्हाचा असला की फरक ठळक येतो. पावसाळ्यात मळभामुळे रात्रीचं आम्ल दिवसा पुरतं संपत नाही, आणि उकाड्याच्या रात्री ते नीट साठत नाही. झाड जांभ्याच्या गडग्यावर उन्हात वाढलेलं, थोराड असावं. माडाच्या सावलीतलं लुसलुशीत रोप घेऊ नका.

आदल्या दिवशी चुन्याची निवळी करून ठेवा. चमचाभर खायचा चुना लिटरभर पाण्यात हलवायचा, रात्रभर ठेवायचा आणि वरचं स्वच्छ पाणी बाटलीत ओतून बूच घट्ट लावायचं. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि निवळीचा जोर कमी होतो. पाणी डिस्टिल्डच घ्या, बॅटरीसाठी मिळतं ते चालेल. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी खारं, त्याचा भरवसा नाही. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळा, त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा.

पानफुटीची पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि याचाच सगळा फायदा घ्यायचा. मधल्या पेरावरची एक जोडी निवडा. तिच्यातलं एक पान सूर्यास्ताच्या सुमारास तोडा, दुसरं झाडावरच राहू द्या आणि पहाटे उजाडायच्या आत तोडा. वय तेच, ऊन तेच, फरक फक्त एका रात्रीचा. लहान बाटलीचं धारदार टोपण दाबून दोन्ही पानांतून सारख्याच संख्येने चकत्या काढा, शिरा टाळा. चकत्या काढल्या की लगेच मोजून घेतलेल्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळा. उकळल्याने विकरं थांबतात आणि आम्ल पाण्यात उतरतं. मग गाळून गार करा.

आता सुई काढलेल्या सिरिंजने निवळी थोडी थोडी घाला, ढवळा आणि दर वेळी काडीने एक थेंब हळदीच्या पट्टीवर टेकवा. ठिपका पिवळाच राहिला तर आम्ल शिल्लक आहे. विटकरी झाला की थांबा आणि किती निवळी गेली ते लिहा. अर्क हिरवट असल्यामुळे हळद थेट त्यात घातली तर रंग नीट कळत नाही, म्हणून ही पट्टी. सायंकाळचा अर्क थोडक्यात विटकरी ठिपका देतो. पहाटेचा कितीतरी जास्त निवळी पितो.

फरक आला नाही तर आधी झाडाची सावली आणि पानाचं वय तपासा. मग आणखी एक करून बघा: पहाटे एका पानावर काळा कागद गुंडाळा आणि सायंकाळी मोजा. उघड्या पानापेक्षा त्यात आम्ल जास्त उरतं. उजेडात मॅलेटमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड बंद पर्णरंध्रांआडच साखरेत जातो. उजेड नसला की हे काम रेंगाळतं.

परसात अननस असेल तर तोही याच पद्धतीचा आहे, फक्त पान चिवट असल्याने जास्त वेळ उकळावं लागतं. पानफुटीत दिवसा मॅलिक एन्झाइम मॅलेटमधून थेट कार्बन डायऑक्साइड सोडवून त्याचं तीन कार्बनचं पायरुवेट करतं. अननसात मात्र मॅलेटचं आधी पुन्हा ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होतं आणि मग त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे एकाच पानात ते रात्री तयार होतं आणि दिवसा पुन्हा तयार होतं, आणि दोन्ही वेळा साठत नाही.