बॉक्स आधी, कोळीण नंतर

फोनवर मी "कोळीण आणतोय" म्हणालो तेव्हा आईला वाटलं, मँचेस्टरमध्ये मासेवाली भेटली. आणायची होती ती चिलीची बुटकी टॅरँट्युला, म्हणजे केसाळ कोळ्याची एक जात, होमिओम्मा चिलेन्सिस. पाय पसरले तरी जेमतेम सात-आठ सेंटीमीटर, पोटावर तांबूस ठिपका, स्वभावाने गरीब. तुम्हीही आणणार असाल, तर ती यायच्या आठवडाभर आधी बॉक्स तयार ठेवा.

साधारण २० सेंटीमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा, बाजूला भोकं असलेला ॲक्रिलिकचा डबा पुरतो. झाकणाला जाळी नको, तिची नखं अडकतात. सगळा खर्च आणि विचार मातीवर करा. कोको फायबरची (नारळाच्या काथ्याची) वीट भिजवायची, घट्ट पिळायची, बागेतली खत-औषध न घातलेली माती मिसळायची आणि तळहाताने दाबत आठ-दहा सेंटीमीटरचा थर करायचा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. माती ते झाकण हे अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. हा प्राणी जमिनीवरचा, तरी डब्याच्या भिंतीवर चढतो, आणि उंचावरून पडला तर पोट फुटून मरतो. सजावटीचे टोकदार दगड त्याच कारणाने बाद. कॉर्कच्या सालीचा तुकडा अर्धा पुरून खाली बोटाने बीळ सुरू करून द्या, पुढचं ती बघते. पाण्याला बाटलीचं झाकण चालतं.

दुकानदार हीट मॅट (तापणारी चटई) आणि पाण्यातला स्पंज गळ्यात मारू बघेल. घेऊ नका. उकडलं की कोळी खाली खणत जातो, आणि मॅट नेमकी खालीच असते. तुम्हाला स्वेटरशिवाय बसवतं त्या खोलीत तिलाही बरं वाटतं.

लांब चिमटा, मऊ ब्रश आणि पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास हाताशी हवा. हाताळायचा मोह आवरा. चिडली तर मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते, डोळ्यात गेले तर डॉक्टरच गाठावा लागतो. घरात मांजर असेल तर पिसवांचं औषध लावलेल्या हाताने बॉक्सला शिवू नका, डासांचा फवारा तर त्या खोलीत नकोच.

खाणं म्हणजे आठ-दहा दिवसांनी तिच्या पोटाहून लहान एक रातकिडा. उरला तर दुसऱ्या दिवशी काढा. महिनोन्महिने उपास करते, घाबरू नका. पहिल्यांदा ती उताणी पडलेली दिसली तेव्हा मी पुरायला कागद शोधत होतो. ती कात टाकत होती. अशा वेळी बॉक्सला हातही लावू नये. नंतर सुळे पांढऱ्याचे काळे होईपर्यंत खाणं द्यायचं नाही.

विकत घेताना जंगलातून पकडलेली नको, पैदास केलेलीच मागा, शक्यतो मादी. नर लवकर जातात, मादी वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे सुट्टीत गावी जाताना पाण्याचं झाकण कोण भरणार, तो शेजारी आधी ठरवून ठेवा.