वापरलेली लेस पॉल गिटार अस्सल आहे का, हे कसे तपासावे

गिब्सन कंपनीची लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार १९५२ साली बाजारात आली. तिची वापरलेली प्रत बाजारभावाच्या निम्म्या किमतीत देऊ करणारी जाहिरात दिसली, की घेणाऱ्याने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हेडस्टॉकवरचे (तारा ताणणाऱ्या खुंट्या असलेल्या टोकाकडच्या भागावरचे) नाव, मागचा क्रमांक, पेटी आणि प्रमाणपत्र यांची नक्कल स्वस्तात करता येते, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर निवाडा करू नये. ज्या गोष्टींची नक्कल करायची तर लाकूडकामाची सगळी पद्धतच बदलावी लागते, त्या पाहाव्यात. शिवाय ‘अस्सल की बनावट’ हा प्रश्न पुरेसा नेमका नाही, कारण गिटार पूर्णपणे बनावट असू शकते, दुसऱ्याच कंपनीच्या गिटारवर गिब्सनचे नाव चढवलेले असू शकते, किंवा गिटार खरी असूनही तिचे सुटे भाग बदललेले असू शकतात. या शेवटच्या प्रकारात, विक्रेत्याने ते आधीच सांगितले असेल आणि किंमत त्या मानाने कमी असेल, तर फसवणुकीचा प्रश्न येत नाही.

तपासणीला जाताना टॉर्च, बारीक आणि मध्यम स्टार स्क्रूड्रायव्हर आणि चांगला कॅमेरा असलेला फोन बरोबर घ्यावा. भेट दिवसाउजेडी ठरवावी.

सुरुवात हेडस्टॉकपासून करावी. तारा जिथून नेकवर (बोटांनी तारा दाबतात त्या लांब दांड्यावर) उतरतात त्या खाचांच्या आडव्या तुकड्याच्या लगेच वर घंटेच्या आकाराची एक लहान पट्टी असते. गिब्सनवर ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते, पुष्कळ बनावट गिटारींवर मात्र तीन स्क्रू आढळतात. अर्थात नक्कल करणारेही आता शहाणे झाले असल्यामुळे स्क्रू मोजून थांबू नये. विक्रेत्याच्या परवानगीने पट्टी काढून आत टॉर्च मारावा. लेस पॉलमध्ये ट्रस रॉडच्या (नेकच्या आत बसवलेल्या, त्याचा बाक सांभाळणाऱ्या धातूच्या सळीच्या) टोकाला पितळेचा षट्कोनी नट असतो आणि त्यावर पाना बाहेरून बसतो. बनावट गिटारीत तिथे बहुधा ॲलन की आत घालण्याचे गोल तोंडाचे भोक दिसते. हा फरक निर्णायक म्हणावा असा आहे, कारण तो बदलायचा तर नेक उघडूनच काम करावे लागते. फक्त पाहावे, नट फिरवून बघण्याचा मोह टाळावा.

त्यानंतर गिटार पालथी करून नेक जिथे हेडस्टॉकला मिळतो तो भाग तिरप्या उजेडात धरावा. गिब्सनमध्ये हेडस्टॉक मागे कललेला असतो, आणि तो कल साधण्यासाठी कंपनी नेक व हेडस्टॉक सलग लाकडातून कोरते. फक्त हेडस्टॉकच्या रुंदीसाठी दोन्ही कडांना लहान तुकडे चिकटवते. १९७० च्या दशकात नेकसाठी तीन पट्ट्या लांबीच्या दिशेने जोडल्या जात, पण त्यांचे सांधेही हेडस्टॉकपर्यंत सरळच जातात. स्वस्त उत्पादनात लाकूड वाचवण्यासाठी हेडस्टॉक वेगळा कापून तिरप्या सांध्याने नेकला जोडतात. असा आडवा सांधा दिसला, तर ती गिटार गिब्सनच्या अमेरिकी कारखान्यातली नाही असे समजावे. गडद रंगाखाली तो झाकलेला असू शकतो, म्हणून बोटही फिरवून पाहावे. येथे एक गफलत संभवते. गिब्सनचा हेडस्टॉक पडल्यावर नेमका याच भागात मोडतो आणि चिकटवून दुरुस्त केलेल्या अस्सल गिटारी बाजारात पुष्कळ आहेत. मोडीची रेघ वेडीवाकडी आणि लाकडाच्या रेषांच्या कलाने जाते, तर सांध्याची रेघ दोन्ही बाजूंना सरळ आणि एकाच उंचीवर असते. मोड सापडली तर गिटार अस्सल असूनही तिची किंमत बरीच खाली यायला हवी.

क्रमांकाविषयी लोकांचा विश्वास फार आणि माहिती थोडी असते. १९७७ पासून २००५ पर्यंत गिब्सनच्या नेहमीच्या मॉडेलांवर आठ आकडी क्रमांक दाबून उमटवलेला असे. त्यातील पहिला व पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून त्या वर्षातला दिवस आणि शेवटचे तीन त्या दिवसातला अनुक्रम सांगतात. उदाहरणार्थ ९२४१५५३७ हा क्रमांक १९९५ सालच्या २४१ व्या दिवसाचा, म्हणजे २९ ऑगस्टचा होतो. मधले तीन आकडे ४१२ आले तर वर्षात इतके दिवसच नसल्यामुळे प्रश्न तिथेच मिटतो. (१९९४ साली मात्र कंपनीने शताब्दीनिमित्त ९४ ने सुरू होणारे क्रमांक दिले, त्यांना हा नियम लावू नये.) २००५ नंतर क्रमांक नऊ आकडी झाला. लेस पॉल क्लासिक आणि जुन्या नमुन्यांच्या कस्टम शॉप (गिब्सनच्या खास विभागाच्या) आवृत्त्यांवर तो शाईने छापलेला असतो, त्यामुळे केवळ शाई दिसली म्हणून घाबरू नये. उलट हिशेब जुळला म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण एका खऱ्या गिटारीचा क्रमांक शेकडो बनावट गिटारींवर उमटवता येतो. इंटरनेटवर तो क्रमांक शोधून पाहावा. तोच क्रमांक वेगळ्या रंगाच्या गिटारीवर सापडला, तर व्यवहार थांबवावा.

सर्वांत अधिक माहिती मिळते ती मागचे झाकण उघडल्यावर. व्हॉल्यूम आणि टोनचे चार पॉट, म्हणजे बाहेरच्या बटणांनी फिरणारे विद्युत भाग, तिथे असतात. गिब्सनमध्ये ते पूर्ण आकाराचे, सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे असतात, तर नकलांमध्ये बऱ्याचदा सुमारे १६ मिलिमीटरचे छोटे पॉट वापरतात. सीटीएस कंपनीच्या पॉटवर बऱ्याचदा १३७ ने सुरू होणारा आकडा असतो, आणि त्यापुढे वर्ष व आठवडा येतो. १३७९५१८ म्हणजे १९९५ सालचा अठरावा आठवडा. वरच्या उदाहरणातील ऑगस्टच्या गिटारीत असा पॉट सापडणे सुसंगत ठरते, कारण सुटे भाग काही महिने आधी येऊन पडलेले असतात. पॉट गिटारीपेक्षा नवा निघाला, तर तो कोणीतरी नंतर बदलला एवढाच अर्थ घ्यावा. २००८ च्या सुमारापासून गिब्सनने काही मॉडेलांत तारांऐवजी सर्किट बोर्डही वापरले, तेव्हा बोर्ड दिसताच गिटार बनावट ठरवण्याची घाई करू नये.

विक्रेता तयार असेल तर तारा सैल करून एक पिकअपही (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा, तारांखालचा भाग) बाहेर काढावा. लेस पॉल स्टँडर्डच्या अंगात महोगनीवर मेपलचा चांगला जाड थर असतो आणि तो पिकअपच्या पोकळीच्या भिंतीत स्पष्ट दिसतो. वरून सुंदर लहरी दिसणाऱ्या बनावट गिटारीत इथे कागदाइतका पातळ पापुद्रा आणि खाली भलतेच लाकूड निघते. माझ्या मते ट्रस रॉड, हेडस्टॉकचा सांधा आणि ही पोकळी तिन्ही जुळल्या, तर बाकीच्या शंका किरकोळ मानाव्यात.

वजनावर फार विसंबू नये, कारण गिब्सनने अनेक वर्षे लेस पॉलच्या अंगात वजन कमी करण्यासाठी पोकळ्या ठेवल्या आहेत. आवाजावर तर मुळीच नको. चांगला ॲम्प्लिफायर कोणत्याही गिटारीचे दोष झाकतो. रंग पारखण्यासाठी ॲसिटोन लावून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. गिब्सनचे नायट्रोसेल्युलोज लॅकर त्याने खरोखरच विरघळते, पण परक्याच्या गिटारीवर हा प्रयोग करणे म्हणजे नसते भांडण ओढवून घेणे होय. एपिफोनची लेस पॉल मात्र बनावट नव्हे. ती कंपनी १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची आहे, फक्त तिची किंमत एपिफोनच्याच हिशेबाने द्यावी.

फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचा नेक स्क्रूंनी बसवलेला असल्याने अस्सल नेक आणि भलतीच बॉडी असा संसार सहज जुळवता येतो, आणि हेडस्टॉकवरचे नाव स्टिकरसारखे असल्याने तेही बदलता येते. म्हणून तिथे नेक उतरवून त्याच्या टाचेवरचा (बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा) शिक्का आणि बॉडीतील खाच, दोन्ही पाहावीत. क्रमांकाची सुरुवात एमएक्स या अक्षरांनी होत असेल तर गिटार मेक्सिकोत बनलेली असते. विक्रेता तिला अमेरिकी म्हणत असेल तर तिथेच त्याला थांबवावे.

झाकण उघडू देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर त्याचे कारण शांतपणे ऐकून घ्यावे आणि पैसे न देता निघावे. उघडू दिले, तर पोकळ्यांची, सांध्याची आणि क्रमांकाची छायाचित्रे काढून ती जाणत्या गिटार दुरुस्ती कारागिराला दाखवावीत. व्यवहार ठरल्यावर पावतीवर मॉडेल, क्रमांक आणि ‘अस्सल गिब्सन म्हणून विकली’ हे शब्द लिहून घ्यावेत, आणि रक्कम रोख न देता बँकेमार्फत द्यावी.