किशोर कबड्डी संघातील न नेमलेला नेता कसा ओळखावा

कर्णधार प्रशिक्षक नेमतो. पण लागोपाठ दोन पकडी फसल्यावर मुले ज्याच्या तोंडाकडे पाहतात तो खेळाडू अनेकदा दुसराच असतो. या अनौपचारिक नेत्याचा शोध घेताना सर्वांत वेगवान किंवा सर्वांत थोराड मुलालाच नेता समजण्याची घाई होते. म्हणून आधी मुलांना विचारावे, मग सामन्यात पाहावे आणि स्टॉपवॉच सर्वांत शेवटी हातात घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

विचारण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली समाजमितीची, म्हणजे गटात कोण कोणाची निवड करतो हे मोजण्याची, पद्धत पुरेशी आहे. प्रत्येक खेळाडूला एकेक कोरी चिठ्ठी द्यावी आणि दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी न बोलता लिहायला सांगावीत. शेवटची पाच मिनिटे उरली असून आपण सहा गुणांनी मागे आहोत, अशा वेळी डावपेच कोणी ठरवावेत, हा पहिला प्रश्न. आणि तुझ्या चुकीमुळे गुण गेला तर कोणाशी बोलावेसे वाटेल, हा दुसरा. प्रत्येक प्रश्नासाठी तीन नावे मागावीत. दोन्ही उत्तरांत एकच मुलगा पुढे येईल असे नाही. खेळ चालवणारा आणि मने सांभाळणारा असे दोन नेते एकाच संघात सुखाने नांदू शकतात. ‘कोण नको?’ हा प्रश्न मात्र कधीही विचारू नये. त्यातून मिळणारी माहिती थोडी असते, आणि ज्याचे नाव येते त्या मुलाचे नुकसान मोठे होते.

यानंतर निवडलेल्या मुलांची मानसिक क्षमता मैदानावरच तपासावी, कारण कबड्डीचे नियम हीच तिची उत्तम परीक्षा आहे. चढाई करणाऱ्याला बोनस रेषा ओलांडल्याबद्दल बोनस गुण मिळण्यासाठी मैदानात किमान सहा बचावपटू असावे लागतात, मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेली पकड ‘अव्वल पकड’ म्हणून जास्तीचा गुण देते, आणि बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. चढाईच्या ३० सेकंदांत हा सारा हिशेब डोक्यात ठेवून ‘पाच आहोत, बोनस नाही, घाई करू नका’ असे साखळीतील सोबत्याला वेळेवर सांगणारा मुलगा एकाग्रता, स्मरण आणि अंदाज या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवत असतो. सराव सामन्यात एका सहायकाला फक्त अशा सूचनांची नोंद ठेवायला बसवावे: कोण बोलला, कधी बोलला आणि त्याचे ऐकले गेले का. माझ्या मते तिसरी नोंद सर्वांत मोलाची आहे, कारण ओरडणारे पुष्कळ असतात. स्वतःची पकड फसल्यानंतर पुढच्याच चढाईत तो मुलगा जागेवर सावध उभा आहे की अजून पंचांकडे पाहत आहे, हेही लिहून ठेवावे.

कारक क्षमतेसाठी, म्हणजे शरीराच्या हालचालींची क्षमता तपासण्यासाठी, महागडी साधने लागत नाहीत. प्रतिसादवेळेसाठी मुलाच्या उघड्या चिमटीत ३० सेंटिमीटरची पट्टी अचानक सोडावी. ती २० सेंटिमीटरवर पकडली गेली तर प्रतिसादवेळ सुमारे ०.२ सेकंद होते. पाच प्रयत्न घेऊन मधले मूल्य धरावे. चपळतेसाठी १० मीटर अंतरावरील दोन रेषांमध्ये चार फेऱ्यांची धाव आणि पायांच्या ताकदीसाठी जागेवरून लांब उडी घ्यावी. या आकड्यांवरून संघातील क्रम लावावा आणि तो चिठ्ठ्यांतील क्रमाशेजारी लिहावा. डावपेचांच्या प्रश्नात पुढे आलेला मुलगा चपळतेत मधल्या फळीत दिसला, तर त्यात गोंधळून जाण्यासारखे काही नाही. दहा-बारा खेळाडूंच्या आकड्यांवरून मोठे निष्कर्ष मात्र काढू नयेत.

या टप्प्यावर वयाचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, तोही प्रत्येकाचा वेगळा. किशोर गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असली, तरी समान वजनाची दोन मुले शरीराने सारखीच प्रौढ असतील असे नाही. लवकर वाढलेल्या मुलाचा आज दिसणारा दबदबा इतर मुले वाढल्यावर ओसरू शकतो. म्हणून जन्मतारीख आणि उंची त्याच वहीत नोंदवावी आणि सर्व चाचण्या तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्याव्यात.

सापडलेल्या नेत्याला लगेच कर्णधार करण्याची गरज नाही. त्याला बचावाच्या साखळीत जिथून सगळे दिसतील आणि ऐकू जाईल अशी जागा द्यावी, नवा डाव आधी त्याच्याशी बोलून मग संघासमोर मांडावा आणि ३० सेकंदांच्या विश्रांतीत प्रशिक्षकाने आपले बोलणे आटोपते घेऊन त्याला दोन वाक्ये बोलू द्यावीत. तो सरावाला टाळाटाळ करत असेल, तर इतरही त्याचेच अनुकरण करतील. अशा वेळी सर्वांसमोर रागावण्यापेक्षा त्याच्याशी एकट्याने, मनमोकळेपणाने बोलावे. चिठ्ठ्यांतील नावे कोणत्याही खेळाडूला किंवा पालकांना सांगू नयेत, आणि नोंद झाल्यावर चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात.