घाटावरून रीफवर: कृत्रिम रीफच्या स्कुबा डाइव्हिंगची पूर्वतयारी

सातारा-सांगलीकडचा मालवणचा बेत ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी किल्ला, रविवारी सकाळी स्कुबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, म्हणजेच डाइव्ह), दुपारी माशाचं ताट आणि संध्याकाळी घाट चढून रात्री घरी. या बेतात डाइव्ह चुकीच्या दिवशी आहे. ती शनिवारी सकाळीच व्हायला हवी.

कारण असं. पाण्याखालच्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंमध्ये विरघळतो. बोटीवर आल्यानंतरही तो कित्येक तास हळूहळू बाहेर पडत असतो. त्या काळात भोवतालच्या हवेचा दाब आणखी कमी झाला, तर तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. म्हणून विमानप्रवासाआधी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबायला सांगतात. हे सगळ्यांना पाठ असतं. पण नियम विमानाचा नाही, उंचीचा आहे आणि साधारण ६०० मीटरपासून तो लागू धरतात. गगनबावडा घ्या, फोंडा घ्या नाहीतर आंबोली, घाटमाथा त्याच्या आसपास किंवा वरच असतो. सातारा शहर ७०० मीटरच्या वर आहे, महाबळेश्वर १३०० च्याही वर. सांगली खाली असली तरी तिथे जायचा रस्ता घाटातूनच जातो. सहा-आठ मीटरच्या छोट्या डुबकीत धोका बराच कमी असतो, तरी आम्ही १२ तासांत सूट देत नाही. डाइव्हनंतरची रात्र किनाऱ्यावर काढा आणि सकाळी निघा.

घाट चढताना खांदा किंवा कोपर आतून ठणकू लागलं, बोटांना मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा विनाकारण गळून गेल्यासारखं वाटलं, तर ते गाडी चालवून आलेलं दुखणं समजू नका. गाडी खाली वळवा, माणसाला आडवं झोपवा, शंभर टक्के ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात न्या आणि डाइव्ह केल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. खरा उपचार प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे. डाइव्ह सेंटर निवडताना पहिला प्रश्न हाच असू द्या: बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि काही झालं तर कुठे नेणार?

आता शिकण्याकडे. किनाऱ्यावर मिळणारी दहा-पंधरा मिनिटांची डुबकी हा कोर्स नव्हे. तिथे गाइड तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो आणि तुमच्या हातात काहीच नसतं. कृत्रिम रीफवर, म्हणजे मासे जमावेत म्हणून समुद्रतळावर मुद्दाम बसवलेल्या ठोकळ्यांवर किंवा बुडवलेल्या जहाजावर जायचं तर ओपन वॉटर हा पहिला कोर्स लागतो. पॅडी किंवा एसएसआय, यांपैकी कुठल्याही प्रशिक्षण संस्थेचं कार्ड चालतं. त्यात थिअरी, जलतरण तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. पोहण्याची चाचणी सोपी आहे: २०० मीटर, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं तरंगणं.

कृष्णेत आणि विहिरीत पोहायला शिकलेल्यांना ही चाचणी म्हणजे काहीच नाही. अडचण वेगळीच आहे. पाठीला भोपळा बांधून शिकलेला आणि पुढे बुडी मारून विहिरीच्या तळाची माती वर आणणारा पोरगा श्वास रोखण्यात तरबेज असतो. स्कुबात तीच सवय सर्वांत घातक. टाकीतून घेतलेली हवा भोवतालच्या दाबाचीच असते. १० मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्याला दीड मीटरचं अंतरही पुरतं. म्हणून तलावातल्या पहिल्या दिवसापासून रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंडात धरायचं साधन) तोंडाबाहेर असेल तेव्हा ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. दुसरी सवय हात मारण्याची. खाली हात छातीशी घडी घालून ठेवायचे, काम पायांचं.

वैद्यकीय फॉर्म प्रामाणिकपणे भरा. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागतेच. नसलं तरी निघण्याआधी कान दाखवून घ्या. मिरजेसारखं गाव शेजारी असताना त्यासाठी लांब जावं लागत नाही. नाक दाबून हलकी फुंकर मारल्यावर दोन्ही पडदे हलतात का, एवढं डॉक्टरांकडून पाहून घ्यायचं. पाण्यात उतरताना कान दुखायची वाट न बघता दर अर्ध्या-एक मीटरला इक्वलाइज करा, म्हणजे तशीच फुंकर मारून कानातला दाब जुळवा. अडलं तर एक मीटर वर या, पुन्हा करून बघा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा कानात कोंडते.

सामानाची एक तपासणी डोळ्यासमोर पक्की असू द्या. टाकी जोडली, व्हॉल्व्ह उघडला, टाकीतला दाब दाखवणारा गेज २०० बार दाखवतोय. इथे लोक थांबतात. थांबू नका. गेज डोळ्यांसमोर धरून रेग्युलेटरमधून चार लांब श्वास घ्या. काटा जागचा हलला नाही तर ठीक. दर श्वासाला तो खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर व्हॉल्व्ह जेमतेम उघडलाय. वरती हवा पुरेल, पण १५ मीटरवर प्रत्येक श्वासाला अडीचपट हवा लागते आणि तिथे ती कमी पडेल. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर टाकी बदला. जोडावर फुसफुस ऐकू आली तर बहुतेक ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी गेलेली असते; पाच मिनिटांचं काम आहे, पण ते बोटीवरच करायचं.

मास्कमध्ये पाणी येतं अशी तक्रार आमच्याकडच्या मिशीवाल्यांची हमखास असते. पट्टा आवळून गळती वाढतेच. नाकाच्या लगत खाली मिशीची अर्धा सेंटिमीटरची पट्टी तासली की मास्कचा सिलिकॉन त्वचेला टेकतो.

वजनाची चूक नवख्यांकडून सर्वांत जास्त होते. तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं आणि जड. तलावात जुळलेल्या वजनात समुद्रासाठी दोन-अडीच किलो वाढवावे लागतात. तपासायचं असं: बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट) पूर्ण रिकामं, साधा श्वास धरून स्थिर उभं राहायचं, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडला की खाली जायला हवं. भरलेल्या टाकीतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं आणि डाइव्हअखेर त्यातले दोन किलो संपलेले असतात. सुरुवातीला तेवढं जास्त बांधलं नाही, तर शेवटी नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायच्या वेळी ॲल्युमिनियमची टाकी तुम्हाला वर खेचते.

हे सगळं रीफसाठी इतकं का महत्त्वाचं, ते तिथे गेल्यावर कळतं. कृत्रिम रीफ मुद्दाम सपाट वाळूच्या किंवा चिखलाच्या तळावर बसवतात, कारण तिथे माशांना आडोसा नसतो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सिमेंट काँक्रीटचे जे साचे वापरते, त्यांत त्रिकोणी असतात आणि विहिरीला टाकतो तशी भोकांची कडीही असतात. भोकं शोभेची नाहीत. त्यातून पाणी खेळतं, लहान मासे आत शिरतात आणि मोठे बाहेर टपून राहतात. पण भोवतीचा गाळ इतका बारीक असतो की फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्याचा एक फटका बसला की पुढची काही मिनिटं हात दिसत नाही. कोकणच्या पाण्यात मुळात दृश्यता बेताची, चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर, एरवी तीन-चार. म्हणून तळापासून किमान एक मीटर वर, अंग आडवं, गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारायचे.

एखाद्या ठोकळ्यापाशी थांबून त्याच्या कडेवर टॉर्च मारा. खाली लाल रंग पाण्यात गिळला जातो, त्यामुळे सगळं राखाडी-हिरवं दिसत असतं. उजेड पडला की तीच कड शेंदरी स्पंज आणि जांभळट शेवाळाने भरलेली निघते. प्रवाहाकडच्या बाजूला बार्नॅकल (दगडाला चिकटून राहणारे कवचाचे जीव) आणि कालवं दाट, आडोशाच्या बाजूला विरळ, कारण ती वाहत येणाऱ्या पाण्यातून अन्न गाळून घेतात. खालच्या भोकातून शेवंडाच्या दोन लांब मिशा हलताना दिसतात. काँक्रीट नवीन असताना त्याचा क्षार जीवांना मानवत नाही. आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग कवचवाले, असं क्रमाने घर भरतं. मासे मात्र काही दिवसांतच येतात.

या सगळ्यावर हात टेकायचा नाही. बार्नॅकलची कड ब्लेडसारखी कापते, आणि त्याच रंगाचा स्कॉर्पिअन फिश हा विषारी काट्यांचा मासा तिथे निश्चल बसलेला असतो. काटा लागलाच तर डाइव्ह संपवून तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

खरा शत्रू म्हणजे अडकलेली जाळी. मासे जमतात म्हणून मच्छीमार येतात, आणि जाळं ठोकळ्यात गुंतलं की ते तुटून तिथेच राहतं. नायलॉनचा धागा गढूळ पाण्यात दिसत नाही. छातीजवळ, दोन्ही हात पोचतील अशा ठिकाणी, छोटं कटर लावा. टाकीमागे काही अडकलं तर गरकन वळू नका. वळलात की वेढा बसतो. थांबा, थोडं मागे सरका, जोडीदाराला खुणावा.

रीफ म्हणून काय टाकलं, यालाही महत्त्व आहे. फ्लोरिडात १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकून ऑस्बोर्न रीफ केली. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि शेजारचा नैसर्गिक प्रवाळ त्यांनी घासून काढला. हलकं आणि सुटं काही टिकत नाही, हा धडा तिथून मिळाला. आपल्याकडे सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ आयएनएस गुलदार या १९८५ ते २०२४ सेवेत असलेल्या नौदलाच्या जहाजाची रीफ करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. जहाज बुडवण्याआधी तेल, तारा, दारं, विषारी रंग काढून टाकतात आणि बाजूंना मोठी भोकं पाडतात. तरीही आत शिरणं हे वेगळं शिक्षण आहे. फ्लोरिडातल्याच स्पीगल ग्रोव्ह या मुद्दाम बुडवलेल्या जहाजात २००७ साली तीन डायव्हर आत गेले ते जिवंत बाहेर आले नाहीत. ओपन वॉटर कार्डावर जहाज बाहेरूनच बघायचं. ३० मीटरपर्यंतचा ॲडव्हान्स्ड कोर्स केल्यावरही हेच.

हवेचा हिशोब कागदावर मांडून उतरा. ११ लिटरची टाकी २०० बारला भरली की सुमारे २२०० लिटर हवा. नवखा माणूस वरती मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे ५६ लिटर. ५० बार राखून ठेवले तर हाती अर्धा तासही उरत नाही, आणि त्यातच उतरणं-चढणंही आलं. १०० बारला, ज्या दोरीने खाली उतरलात तिच्याकडे परत फिरा. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको.

दिवस निवडताना तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, दोन्ही शांत असतात. हंगाम ऑक्टोबर ते मे. कोयना-धोममध्ये सराव करू असं मनात येत असेल तर सोडून द्या: परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय ३०० मीटरच्या वरचं पाणी म्हणजे उंचीवरचं डाइव्हिंग, त्याचे हिशोब निराळे.

यात करिअर करायचं असेल तर दोन वाटा आहेत. डाइव्हिंगची वाट रेस्क्यू (बचाव) कोर्सवरून डाइव्हमास्टरकडे, म्हणजे इतरांना पाण्याखाली नेणाऱ्या गाइडच्या कार्डाकडे जाते: वय १८, सुरुवातीला ४० डाइव्ह, पूर्ण होताना ६०, प्रशिक्षकासाठी १००. जहाजाच्या तळाचं वेल्डिंग वगैरे करणारे व्यावसायिक पाणबुडे वेगळे, त्यांना हे कार्ड चालत नाही. अभ्यासाची वाट बारावीच्या जीवशास्त्रातून रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांच्या पदवीला जाते, पुढे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. दोन्ही वाटा एकत्र आल्या तर रीफचं सर्वेक्षण करता येतं आणि तिथे माणसं खरोखर लागतात.

त्याचा सराव तलावात सुरू करा. तळाशी मोजपट्टी अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या पट्ट्यात ठेवलेल्या वस्तू मोजत पुढे जायचं आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलने लिहायचं. लिहिताना लक्ष अक्षराकडे जातं, श्वास नकळत भरलेला राहतो आणि माणूस अर्धा मीटर वर तरंगतो. पाटी भरली, टाचा तळाला लागल्या नाहीत आणि अंग वर गेलं नाही, असं वीस मीटर सलग जमेपर्यंत समुद्रातल्या सर्वेक्षणाला जाऊ नका. पेन्सिल पाटीला दोरीने बांधा, आणि दुसरी खिशात ठेवा.