धुतल्यावर गाडी मिस मारते? पंप खोलायच्या आधी हे बघा

खंडेनवमीच्या आधी रावेर-सावद्यापासून भुसावळपर्यंत वॉशिंग सेंटरवर गाड्यांची लाईन लागते, आणि केळीच्या ट्रिपा मारून फाळका चिकाने काळा पडला की मधेअधेही धुवावीच लागते. मग होतं काय, गाडी चकाचक, पण स्टार्टर मारला की इंजिन थरथरतंय, मिस मारतंय (म्हणजे एखादं सिलिंडर मधेच काम सोडतंय), पिकअप नाही. लगेच चार जण गोळा होतात, काय व्हयनं भो, आणि त्यातला एक तरी सांगतोच की डिझेल पंप गेला, डिझेल फवारणारे नोजल गेले, उतरवा. थांबा जरा.

पहिलं हे ठरवा की त्रास कधी सुरू झाला. धुतल्याबरोबर सुरू झाला आणि दोन-तीन तास उन्हात बोनेट उघडं ठेवल्यावर गेला, तर पाणी करंटच्या कामात, म्हणजे वायरी-सॉकेटात, शिरलं होतं. वाळूनही तसंच राहिलं तर हवा नाहीतर डिझेल बघायचं.

आता गाडी कोणती ते महत्त्वाचं. जुनी टाटा ४०७ किंवा तसलीच मेकॅनिकल पंपवाली डिझेल असेल तर तिला प्लगच नाहीत, एकदा चालू झाली की जळायला करंट लागतच नाही, त्यामुळे "वायरीत पाणी गेलं म्हणून मिस मारते" हे तिच्या बाबतीत चालत नाही. तिथे सगळ्यात आधी एअर फिल्टर खोला. कागदी एलिमेंट भिजलं की फुगतं, हवा अडते, गाडी ओढत नाही आणि काळा धूर टाकते. भिजलेलं एलिमेंट कंप्रेसरच्या जोरात वाळवू नका, कागद फाटतो, सरळ नवीन टाका. आणि फिल्टर काढून "गॅरेजपर्यंत तर जायचंय" म्हणून चालवू नका, आपल्याकडची धूळ माहितीये ना. ऑइलवालं जुनं फिल्टर असेल तर वाटीतलं ऑइल बघा, ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय, वाटी धुवून ऑइल बदला.

इथेच एक धोका आहे. स्टार्टर मारल्यावर इंजिन टक करून एकदम अडकलं तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, धक्का तर अजिबात नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोजल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, हे मिस्त्रीचंच काम.

फिल्टर कोरडं निघालं तर डिझेलकडे या. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, नाहीतर ब्रीदरवर (टाकीत हवा जायची वाट) थेट धार बसते आणि पाणी आत जातं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी स्टार्टर मारायच्या आधी डिझेल फिल्टरचा खालचा ड्रेन उघडून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल घ्या, दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. खाली वेगळा थर दिसला की पाणी आहे, मग टाकीचा ड्रेन उघडा, डिझेल फिल्टर बदला.

पाणी नाही निघालं तरी डिझेलच्या पाईपात एअर असू शकते, आणि माझ्या मते धुतल्यानंतर लोक हेच सगळ्यात जास्त विसरतात. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाईपच्या जॉइंटवर वर्षानुवर्षं काळी माती आणि तेल मिळून थर बसलेला असतो, तडकलेला पाईप त्या थरानेच बंद राहिलेला असतो, प्रेशरच्या धारेने तो निघाला की पाईप हवा ओढायला लागतो. बाहेर डिझेल गळेलच असं नाही, कारण तिथे आत ओढच असते. जॉइंट, वॉशर, रबरी पाईप हाताने चाचपून बघा, मग डिझेल फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, फेस आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल यायला लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. दोन दिवसांनी परत एअर पकडली तर पाईप बदलाच.

एकच सिलिंडर मेलंय का ते बघायला, गाडी आयडलवर ठेवून एकेक नोजल पाईपचा नट फडकं गुंडाळून थोडा ढिला करा. आवाज बदलला, इंजिन अजून डगमगलं तर ते सिलिंडर काम करतंय. काहीच फरक पडला नाही तर तेच मेलेलं. पण हे फक्त जुन्या पंपवर, कॉमन रेलवर (नवीन गाड्यांची सेन्सरवर चालणारी डिझेल सिस्टीम) चुकूनही नाही, तिथे प्रेशर १००० बारच्या वर जातं आणि डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

कॉमन रेलवाल्या गाडीत धुतल्यानंतरचा त्रास बहुतेक वेळा वायरीच्या सॉकेटमध्ये असतो. चेक लाईट लागते, गाडी ठराविक आरपीएमच्या वर जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, नोजलचे सॉकेट एकेक करून काढा, हिरवट गंज दिसतो का बघा, काँटॅक्ट क्लीनर मारा, हलक्या हवेने वाळवा. तरी लाईट राहिली तर स्कॅनर लावून घ्या, अंदाजाने सेन्सर बदलत बसलात तर पैसे वाया.

पेट्रोल किंवा सीएनजीवाल्या छोट्या गाडीला मात्र करंटच आधी. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं, हवा मारून ते काढा आणि मगच प्लग खोला, नाहीतर ते सिलिंडरमध्ये जाईल. जुन्या गाडीची डिस्ट्रीब्युटर कॅप आतून पुसा, बारीक काळी रेघ दिसली तर तडा गेलाय. रात्री अंधारात बोनेट उघडून गाडी चालू ठेवली की खराब प्लग वायरीतून निळ्या ठिणग्या उडताना दिसतात, हात नका लावू, शॉक जोरात बसतो.

पुढच्या वेळी धुताना इंजिन थंड होऊ द्या. गरम डिझेल पंपावर, त्यातही इंजिन चालू असताना, गार पाण्याची धार मारली तर तो खरंच जाम होऊ शकतो. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि डायनामोला प्लास्टिक बांधा, आणि ट्रायल लोड टाकूनच घ्या. शिरपूरकडून बिजासन घाट चढेपर्यंत रिकामी गाडी ठीकच वाटते, मिसिंग लोडवर कळतं. निघताना दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून लायनर वाळवून घ्या, धुतल्याधुतल्या पहिला ब्रेक नीट लागत नाही.